बांध फोडण्याचा मान

पावसाळा लागला की सेराफिनामावशी चुलीपुढचं गोणपाट गुंडाळून ठेवी आणि सारवलेल्या जमिनीवर उघडे पाय टेकून बसे. बाहेर पाऊस कितीही वाजत असो, मागे नदीची कड कोसळली की जमीन एकदाच हलकीशी दचके, आणि ते तिला तळपायांना कळे. मग भाकरी तव्यावर तशीच टाकून ती मागच्या दारात जाई. परत येऊन करपलेली भाकरी उलटताना म्हणे, "शेवग्याच्या अंगचं गेलं," किंवा, "नाय, आज खालच्या अंगाला गेलं." आणि जेवतानाही तिचं अर्धं लक्ष पायांकडे असे.

मी तेव्हा तिच्या घराच्या बाजूच्या खोलीत भाड्याने राहत होतो. आमचं गाव सावंतवाडीकडचं. मालाडला एका लाकडाच्या वखारीत मला कारकुनी लागली होती आणि कांदिवलीच्या पूर्वेला, पोयसर नदीच्या काठच्या या पाड्यावर, खोली स्वस्त मिळाली होती. पाड्यावर सगळी जुनी ख्रिस्ती घरं. बोलणं मराठी, प्रार्थना मराठी, पावसाळ्यात भात आणि उन्हाळ्यात भाजीची वाडी. सेराफिनामावशी विधवा होती. तिचा नवरा ॲम्ब्रोज मी येण्याआधीच गेला होता. मुलगा लिओनार्ड अंधेरीला मोटारी दुरुस्त करायच्या कारखान्यात होता आणि तिथेच खोली करून राहत होता. तो दर रविवारी येई, चर्चमधली मिस्सा झाल्यावर जेवे, आणि जाताना तेच वाक्य बोले, "आय, चल माझ्याकडे. हे घर नदी नेणार आहे."

"मग नदीला सांग, मी घरात असताना ने," मावशी म्हणे.

ती हे हसत म्हणायची, पण घर जाण्याची भीती तिच्या अंगात मुरली होती. मी इतक्या जवळ राहत होतो की ती मला रोज दिसे. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा मागच्या दारातून नदी दिसतच नव्हती. आधी अंगण, मग विहीर, मग चिंच, चिंचेपुढे वांगी-भेंडीची वाडी, वाडीच्या टोकाला आंब्यांची रांग, आणि आंब्यांच्याही पलीकडे खोलगटात नदी. तेव्हा नदी इथून जवळजवळ सरळ जाई. "डोक्यावरच्या भांगासारखी गो," असं ती सांगे. मी पुरुष असलो तरी बोलण्याच्या भरात ती मलाही 'गो' म्हणून जाई. मग नदीने थोडं पोट काढलं. मग आणखी. मी राहायला आलो तेव्हा नदीचा विळा झाला होता आणि विळ्याचं पातं आमच्या बाजूला होतं. आंबे गेले होते, वाडी बहुतेक गेली होती, आणि चिंच काठावर उभी राहून मुळं पाण्यावर लोंबवत होती. चिंचेनंतर विहीर होती आणि विहिरीनंतर स्वयंपाकघराची भिंत.

पलीकडच्या थडीला याच्या उलट. तिकडे दरवर्षी वाळू साचे, वाळूवर गाळ, गाळावर लव्हाळा, आणि दोन-तीन वर्षांत तिथे नांगर फिरे. ती जमीन अल्फान्सोची. अल्फान्सो म्हणजे ॲम्ब्रोजचा चुलतभाऊ. त्याचं घर नदीपासून लांब, चढावर होतं. पाड्याचा रिवाज असा की नदी ज्याच्या थडीला माती टाकील ती माती त्याची. त्यावर भांडायचं नाही. भांडायचं नाही म्हणजे कचेरीत जायचं नाही. तोंडाने काय बोलायचं त्याला मनाई नव्हती.

"वयनी," अल्फान्सो पलीकडून पाटी उचलून दाखवत ओरडे, "तुझ्या आंब्याखालची माती बरी गोड होती हां. वांगी बघ कशी धरलीत."

"खा, खा," मावशी इकडून ओरडे. "पोट दुखलं तर काढा मागायला माझ्या दारात येऊ नको."

"मी कुठे खातो? नदी खाते. मी ताट तेवढं पुढं करतो."

त्याची बायको ल्युसी त्याच्या पाठीत चापट मारी आणि संध्याकाळी तीच वांगी पदराखाली घेऊन मावशीच्या मागच्या दारात येई. मावशी वांगी घेई, भाजून खाई, आणि खाताना म्हणे, "माझीच आहेत."

काठ राखायला तिने काय केलं नाही? कडेने बांबू लावले, निरगुडी लावली. फुटकी कौलं आणून रचली. फादरांकडून पाणी मंतरून आणून शिंपडलं. एका वर्षी लिओनार्डने कारखान्यातून डांबराची रिकामी पिंपं आणली, त्यांत दगड भरले आणि चिंचेखाली ती ओळीने उभी केली. मीही दगड वाहिले. त्या दिवशी मावशीने आम्हाला कोंबडीचं जेवण केलं आणि पहिल्यांदाच ती चटईवर बसून जेवली. श्रावणात मोठं पाणी आलं. पिंपांना आपटून पाणी त्यांच्या मागे शिरलं, तिथे भोवरा धरला, आणि आतून माती पोखरली. पिंपं दारू प्यायलेल्या माणसांसारखी एकमेकांच्या अंगावर कलंडली आणि त्यांच्या मागची एवढी जमीन गेली की पिंपं नसती तर तेवढी गेली नसती. पलीकडून अल्फान्सोने ओरडून विचारलं, "लिओ, ती पिंपं वाहत आली तर मी ठेवून घेऊ का रे?" लिओनार्ड त्या रविवारी जेवला नाही.

आता मला बांधाबद्दल सांगायला हवं. ते नीट सांगता येईल की नाही याची मला शंका आहे, पण पुढचं सगळं त्यावरच आहे.

भात कापून झालं की दोन्ही थडींची माणसं मिळून नदीवर बांध घालत. दगड, माती, पेंढा आणि बांबूच्या मेखा. जागा ठरलेली, मावशीच्या घराच्या थोडी वरच्या अंगाला, जिथून नदीचं वळण सुरू होई तिथे. बांधामागे पाणी साठे, पाटाने दोन्हीकडच्या वाड्यांना मिळे, आणि त्याच्यावर पाडा उन्हाळाभर भाजी विके. पाऊस यायच्या आधी तो बांध फोडावा लागे. तसाच राहिला तर पहिल्या पुराचं पाणी मागे तुंबून भाताची रोपं कुजवील.

बांध फोडण्याचा मान होता. हा बांध पहिल्यांदा घातला ॲम्ब्रोजच्या आजोबांनी, म्हणून पहिली कुदळ त्यांच्या घरच्याची, आणि ती त्यांच्याच थडीच्या टोकाला. आधी क्रुसापाशी प्रार्थना, मग ढोल, मग घरचा कर्ता कमरेपर्यंत पाण्यात उतरून काठालगतच्या मातीत कुदळ घाली. पाणी वाट धरून उसळलं की सगळे ओरडत. मग उकडलेले चणे आणि ताडी. ताडी तेव्हा सरकारने बंद केली होती, म्हणजे पेल्यात बंद केली होती. चहाच्या कपात चालू होती.

ॲम्ब्रोज गेल्यावर लोकांना वाटलं, लिओनार्ड कुदळ घालील. लिओनार्ड म्हणाला, मला सुटी नाही. तेव्हा मावशीने लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि स्वतः पाण्यात उतरली. त्या दिवसापासून दरवर्षी तीच. एरवी ती पाड्यावरची एक म्हातारी बाई, डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकणारी. त्या दिवशी मात्र पाड्यातला प्रत्येकजण तिच्या हाताकडे बघे. ती आदल्या दिवशी कुदळ राखेने घासून ठेवी. मुलीच्या लग्नाची भांडी घासावी तशी.

फोडायचं ते एवढंच टोक. बाकीचा बांध, अल्फान्सोच्या बाजूचा अर्धा, तसाच ठेवायचा. त्याचे दगड चांगले बसलेले असत. पावसाळा त्यातला थोडासाच नेई, आणि नोव्हेंबरात तिथूनच पुढे बांध जोडायचा. अर्धं काम आयतं. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

पिंपं कलंडली त्याच पावसाळ्याच्या शेवटी एक रविवार उघडीप पडली. मावशीने केळीचा घड उतरवला होता आणि केळीचे बुंधे तुकडे करून ती विहिरीच्या कट्ट्यावरून नदीत टाकत होती. मी बाजूला कपडे वाळत घालत होतो. एक तुकडा तिने टाकला, तो वरच्या अंगाला पडला, आणि ती बघत राहिली. मग तिने दुसरा टाकला, मुद्दाम लांब, पलीकडच्या बाजूला. मग उठून वर गेली, बांधापाशी, आणि तिथून एकेक तुकडा टाकू लागली.

"जयवंता," तिने हाक मारली, "इकडे ये. तुझे डोळे चांगले आहेत. तो पांढरा कुठे जातो बघ."

पांढरा तुकडा उरलेल्या अर्ध्या बांधाच्या पाठीला लागला, त्याच्या दगडांच्या कडेने सरकत टोकापर्यंत आला, आणि टोकावरून सुटला तो थेट चिंचेच्या मुळांवर. तिथे आपटून, काठाला घासत, घाईघाईने खाली गेला. दुसरा तुकडा बांधाच्या पलीकडच्या आडोशाला, अल्फान्सोच्या थडीला पडला होता. तो तिथेच स्वतःभोवती फिरत राहिला, आणि थोड्या वेळाने वाळूला लागून थांबला. पाणी तिथे दमल्यासारखं होतं. त्याच्याबरोबर आलेली माती, पालापाचोळा, सगळं तिथे खाली बसत होतं.

तिने सगळी केळ संपवली. चुलीवर भात होता, त्याचा वास सुटला तरी ती उठली नाही. शेवटी म्हणाली, "तो बांध हात केल्यासारखा आहे रे. वाट दाखवतो तिला. इकडून जा म्हणतो."

तिला जे दिसलं ते मलाही दिसत होतं, पण उरलेला बांध तर गुडघाभर उंचीचा आणि नदी एवढी मोठी, असंही मनात येत होतं.

"आम्ही फोडतो आमच्या टोकाला," ती म्हणाली. "दरवर्षी. पहिलं पाणी आमच्याकडून काढतो. ते काठ खातं, वळण करतं. वळण झालं की पुढचं पाणी आणखी जोराने बाहेरच्या अंगाला येतं, म्हणजे आमच्याच. आणि तिकडे ते हळू होतं, वाळू टाकतं, आणि वाळू त्याला आणखी इकडे ढकलते." तिने हाताने हवेत विळा काढला, मग त्याहून मोठा विळा. "ॲम्ब्रोजच्या आजोबांनी सरळ नदीवर बांध घातला होता."

त्या दिवसापासून तिची भीती बदलली. आधी ती नदीला भीत होती आणि ते सोपं होतं. सगळा पाडा नदीला भितो. आता ती विचार करून भिऊ लागली. जेवताना मधेच थांबे. बाजारातून येताना स्टेशनपर्यंत जाऊन परत विसरलेली पाटी आणायला जाई. तिने पुढच्या वर्षी बांध अल्फान्सोच्या टोकाला फोडायला दिला, तर उरलेला अर्धा बांध तिच्या थडीला राहील, तिच्या काठाला पाठीशी घालील आणि पाणी तिकडे ढकलील. घर वाचेल. पण मान जाईल, आणि पाणी तिकडे गेलं तर अल्फान्सोच्या त्या सगळ्या वांग्यांवरून जाईल.

लिओनार्डला तिने सांगितलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला आणि खूश झाला.

"एवढंच ना? मग दे मान काकाला. त्याला कधीपासून पाहिजे आहे. म्हण, मी म्हातारी झाले, पाण्यात उतरवत नाही. तो नाचत येईल."

"आणि त्याची जमीन?"

"त्याची कुठली? आपलीच माती आहे ती."

"नदीने दिली ती त्याची. तुझ्या आजोबानेही तशीच घेतली होती वरच्या अंगाला."

"आय, तुला घर पाहिजे का नको? मग सांगायचं काय एवढं? मान दे आणि गप बस. जयवंत, तूच सांग हिला."

मी मासळीचा काटा काढण्यात गुंतलो. मावशीने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"गप बसून घर वाचवलं," ती म्हणाली, "तर मग त्या घरात ल्युसी मागच्या दाराने येईल, तिला मी काय वाढू?"

तरी ती लगेच गेली नाही. मला वाटतं नोव्हेंबर, डिसेंबर, नाताळ, सगळं तिने जायचं जायचं म्हणत काढलं. बांध घालताना अल्फान्सोच्या शेजारी उभी राहून तिने दगड दिले, तरी तोंड उघडलं नाही. चिंचेच्या मुळांत आता माणूस वाकून आत जाऊ शकेल एवढी पोकळी झाली होती. ती सकाळी उठली की आधी तिथे जाऊन हात घालून बघे आणि मग तोंड धुवे.

उन्हाळ्यात एका दुपारी ती उठली, बांधावरून पलीकडे गेली आणि मला बरोबर ये म्हणाली. साक्षीला नव्हे, धीराला. अल्फान्सो पडवीत टोपली विणत होता. ल्युसी भात कांडत होती.

"अल्फान्सो, औंदा बांध तू फोड. तुझ्या टोकाला."

त्याच्या हातातली बांबूची पट्टी तशीच राहिली. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला, पण त्याने तो लगेच सारखा केला. "का गो वयनी? मान नको झाला?"

"थांब, पुढचं ऐक. फोडशील तर पाणी तुझ्या अंगाने जाईल. आमच्या टोकाला फोडलं म्हणून आमच्या अंगाने येत होतं, मी बघितलं. तुझी वाळूची जमीन धुऊन जाईल. आज नाही तर पुढच्या साली. हे मी तुला सांगून देते आहे."

अल्फान्सोने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग तो हळूहळू हसू लागला.

"अच्छा. म्हणजे मान द्यायचा, पण भीती घालून द्यायचा. मी घाबरून नको म्हणावं, आणि तू पाड्याला सांगावं, मी दिला होता, त्यानेच घेतला नाही."

"तसं नाय रे."

"एवढुशा बांधाने नदी वळते होय? नदी देवाची आहे, वयनी. कुदळीची नाही."

ल्युसीने मुसळ थांबवलं. "ती काय म्हणते ते ऐका तरी."

"ऐकलं. तिला सुटत नाही तो मान." तो पुन्हा पट्टी ओवू लागला, पण बोटं चुकत होती. "घेतला मी. बास. आता तू परत मागितलास तरी देणार नाही."

परत येताना बांधाच्या मध्यावर मावशी थांबली. एका बाजूला साठलेलं पाणी, दुसऱ्या बाजूला कोरडं पात्र. "सांगितलं ना मी, जयवंता?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. "नीट सांगितलं ना?" मी पुन्हा हो म्हणालो. घरी पोचेपर्यंत तिने ते आणखी दोनदा विचारलं.

बांध फुटायच्या दिवशी अल्फान्सोने नवा सदरा घातला होता आणि तो भिजू नये म्हणून पाण्यात उतरताना वर गुंडाळून धरला होता. ढोल वाजला. त्याने आपल्या टोकाला कुदळ घातली, पाणी वाट धरून उसळलं, लोक ओरडले. मावशी बायकांत उभी होती आणि काय करावं ते न कळून तिने हात लुगड्यात लपवले होते. चणे तिने घेतले, पण खाल्ले नाहीत.

पहिल्या पावसाळ्यात फारसं काही झालं नाही. म्हणजे चिंच गेली नाही, एवढंच झालं. पण मावशीला चैन नव्हतं. आधी ती आपल्या मागच्या दारात जाई, आता पाणी चढलं की ती विहिरीच्या कट्ट्यावर उभी राहून पलीकडच्या थडीकडे बघे. पाणी उतरल्यावर अल्फान्सोच्या वाळूवर लांबट खळगे दिसले, नदीने बोटं ओढल्यासारखे. त्याने ते बुजवून टाकले आणि वांगी लावली. वांगी चांगली आली. त्याने पलीकडून पाटी दाखवली आणि ओरडला, "वयनी, नदी कुठे गो आली?" दुसऱ्या वर्षी त्याने पुन्हा मानाने बांध फोडला. या वेळी सदरा गुंडाळला नाही.

त्या पावसाळ्यात डोंगरात फार पाऊस झाला. दोन दिवस नदी लाल होती. मी वखारीत गेलो नाही, रस्ताच नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस थांबला आणि मावशी म्हणाली, "आवाज ऐक." मी ऐकलं, पण मला काही ऐकू आलं नाही. तेच ती म्हणत होती. आमच्या मागे नदी गप्प झाली होती.

आम्ही चिंचेखाली गेलो. विळ्याच्या पात्यात पाणी होतं, पण ते जात नव्हतं. सगळा जोर वर, बांधापाशीच, पलीकडे वळला होता. नदीने विळ्याची मूठ आणि टोक यांच्यामधून सरळ वाट काढली होती, अल्फान्सोच्या वाळूच्या मधून, त्याने बुजवलेल्या त्याच खळग्यांतून. जवळची वाट सापडल्यावर ती लांबून कशाला जाईल? वांग्यांचं सगळं शेत गेलं होतं. त्या नव्या वाटेच्या कडेला अल्फान्सो उभा होता, आणि त्याच्या पायाखालून मातीची ढेकळं पडत होती तरी तो मागे सरत नव्हता.

"मागे हो," मावशी ओरडली. "अल्फान्सो, मागे हो रे."

ल्युसी धावत आली आणि तिने त्याला दंडाला धरून ओढलं. तो मागे झाला, मग आमच्याकडे वळून म्हणाला, आणि ते पाण्यावरून अगदी स्पष्ट आलं, "तू मान दिला नाहीस, वयनी. नदी दिलीस."

"तिने सांगितलं होतं," ल्युसी म्हणाली.

तो घरी गेला.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जुन्या वळणाची दोन्ही तोंडं वाळूने भरली. मधे एक वाकडं तळं उरलं, त्यात डास झाले आणि मग पाणी आटत आटत काळा गाळ वर आला. चिंच, विहीर, घर, सगळं होतं. लिओनार्ड आला, त्याने फिरून बघितलं आणि म्हणाला, "रिवाजाप्रमाणे हे सगळं पात्र आता आपलं. नदीने दिलं. आय, तुझी वाडी परत आली बघ." तो खरंच आनंदला होता. मावशीने त्याला जास्त वाढलं, पण ती त्या गाळात उतरली नाही. भेंडीचं बी आणून ठेवलं होतं ते तसंच मडक्यात राहिलं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "हातच जात नाही रे."

त्या वर्षी बांध फोडायची वेळ आली तेव्हा ती प्रार्थनेच्या आधीच पाण्यात उतरली. कुदळ नव्हती तिच्याकडे. नदीच्या मध्यावर जाऊन ती बांधाचा वरचा दगड उचलून काठावर टाकू लागली. लोक म्हणाले, "सेराफिना, मान कुणाचा आहे?" ती म्हणाली, "कुणाचाच नाही. सगळा काढा. एक दगड ठेवला तर तो कुणाला तरी वाट दाखवील." लोकांनी कटकट केली. सगळा काढायचा म्हणजे सगळा परत घालायचा, दुप्पट काम. कुणी म्हणालं, म्हातारी खुळावली. अल्फान्सो काठावर बसून होता. बऱ्याच वेळाने तो उतरला आणि दुसऱ्या टोकाचे दगड काढू लागला. तो उतरल्यावर बाकीचे उतरले. ढोलवाल्याला काय वाजवावं ते कळेना.

पावसाळ्यानंतर एका सकाळी मी वखारीत जायला निघालो होतो तेव्हा अल्फान्सो जुन्या पात्राच्या पलीकडच्या काठावर उभा होता. मावशीने त्याला बघितलं.

"वांगी लावायची तर इथे लाव," ती म्हणाली. "गाळ चांगला आहे."

"तुझं आहे ते."

"आहे माझं. मी सांगते, लाव."

"नको," तो म्हणाला, आणि गेला. दुसऱ्या वर्षीही ती म्हणाली आणि तो नको म्हणाला. भेंडीचं बी किड्यांनी खाल्लं.

तिसऱ्या वर्षी ल्युसी आली, डोक्यावर वांग्याच्या रोपांची पाटी घेऊन. तिने कुणाला विचारलं नाही. लुगडं वर खोचलं, गाळात उतरली आणि रोपं लावायला लागली. मावशी मागच्या दारातून बघत राहिली, मग आतून खुरपं घेऊन आली आणि तिच्या शेजारी बसली. दोघींनी मिळून एक ओळ लावली. नदी पलीकडून, आपल्या नव्या वाटेने जात होती, आणि त्या नव्या वाटेलाही खालच्या बाजूला थोडं पोट आलेलं मला मागच्या दारातून दिसत होतं. मावशीला ते माझ्या आधी दिसलं असणार. तिची मान मधून मधून तिकडे वळत होती.

"बाय," ल्युसीने शेवटी विचारलं, "नदी परत इकडे फिरली तर?"

"फिरेल," मावशी म्हणाली. "ते रोप जरा खोल लाव, मूळ उघडं राहिलंय."